दर पावसाळ्यात रिकनबॅकर ४००१ बास गिटारची नेक बिघडते? ट्रस रॉडला पाना लावण्याआधी हे वाचा

तक्रार बहुतेक वेळा अशी असते. मे महिन्यापर्यंत बास व्यवस्थित वाजत होता. जूनमध्ये पाऊस लागला आणि पंधरा-वीस दिवसांत बाराव्या फ्रेटवर ई तार बोटाला जड लागायला लागली. कुणाकडे याच्या उलट होतं, पहिल्या चार फ्रेटवर खरखर सुरू होते. मग ट्रस रॉडचे (नेकच्या आतल्या, तिचा बाक सांभाळणाऱ्या सळ्यांचे) नट जरा आवळले जातात आणि महिनाभर बरं चालतं. ऑक्टोबरच्या उन्हात पुन्हा बिघाड, पुन्हा पाना. असं तीन-चार वर्षं चाललं की एक दिवस पहिल्या फ्रेटजवळ, फिंगरबोर्ड (फ्रेट बसवलेली फळी) आणि नेक यांच्या जोडावर केसाएवढी काळी रेघ दिसते. नखाची कड त्या रेघेत अडकली, तर फिंगरबोर्ड सुटायला लागला आहे असं समजा.

हे नुकसान पावसाने केलेलं नसतं, पान्याने केलेलं असतं. १९६१ ते १९८० च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत निघालेल्या ४००१ मधले ट्रस रॉड फेंडर किंवा गिब्सनसारखे नाहीत. इतर गिटारवर हात बसलेला चांगला कारागीरसुद्धा इथे चुकतो, कारण त्याला नट आवळून नेक सरळ करायची सवय असते. या बासवर नेक हाताने सरळ करायची असते. नट तिला त्या जागी फक्त धरून ठेवतो.

आधी शब्दांचा घोळ सोडवू. आपल्याकडे हेडस्टॉकजवळची तारांची खाच असलेली पट्टीही ‘नट’ आणि ट्रस रॉडच्या टोकावरचा चाकीसारखा तुकडाही ‘नट’. फोनवर सल्ला घेताना यामुळे भलतीच गोष्ट कापली किंवा आवळली जाते. या लेखात ‘नट’ म्हणजे ट्रस रॉडचाच. तारांच्या खाचा असलेल्या पट्टीला ‘वरची पट्टी’ म्हटलं आहे.

तुमच्याकडचा बास नक्की कोणत्या साली बनलेला आहे

जॅक बसवलेल्या धातूच्या पट्टीवरचा नंबर पाहा. १९६१ ते १९८६ या काळातल्या नंबरात दोन अक्षरं असतात. पहिलं वर्षाचं: ए म्हणजे १९६१, तिथून पुढे एकेक वर्ष, झेड म्हणजे १९८६. दुसरं महिन्याचं, ए ते एल. ‘एम आय’ असेल तर सप्टेंबर १९७३. पट्टी स्क्रू काढून बदलता येते, म्हणून विकत घेताना एवढ्यावर विसंबू नका. पिकअप (तारांचा आवाज पकडणारे चुंबकी भाग), इनले (फिंगरबोर्डवर जडवलेल्या खुणा) आणि ब्रिज (तारा ज्यावर टेकतात तो भाग) त्याच काळाशी जुळतात का तेही पाहा. नेकजवळ टोस्टरसारख्या दोन खाचांचा पिकअप असेल, तर बास साधारण १९७० च्या दशकाच्या पूर्वार्धातला किंवा त्याआधीचा. त्यानंतर दोन्हीकडे हाय-गेन नावाचे पिकअप आले.

हेडस्टॉकवरची नाव लिहिलेली प्लास्टिकची पट्टी काढली की शेजारी-शेजारी दोन नट दिसतात. ही पट्टी जुनी झाली की स्क्रूच्या भोकाशी तडकते, म्हणून स्क्रू बोटाने बसतील इतकेच घट्ट करा. ४००१ च्या जागी आलेल्या ४००३ मध्येही सुरुवातीची काही वर्षं हेच जुने रॉड होते. १९८० च्या दशकाच्या मध्यानंतरचे रॉड नेहमीसारखे नट फिरवून चालतात. पुढची पद्धत फक्त जुन्या रॉडसाठी आहे.

पहिला संशय नेकवर घेऊ नका, टेलपीसवर घ्या

ॲक्शन, म्हणजे तारांची फ्रेटपासूनची उंची, वाढली की सगळे नेककडे बघतात. ४००१ मध्ये अनेकदा दोष दुसऱ्या टोकाला असतो. तारांच्या ओढीने टेलपीसची, म्हणजे तारांची मागची टोकं धरणाऱ्या धातूच्या भागाची, मागची कड बॉडीपासून उचलली जाते. टेलपीस पुढे कलला की त्यातला ब्रिज कलतो, ॲक्शन बदलते आणि वरच्या फ्रेटवरचे सूर बेसूर लागतात. अशा वेळी नेक आवळणं म्हणजे दुखणं एकीकडे आणि औषध दुसरीकडे.

तपासणी सोपी आहे. तारा पूर्ण सुरात ठेवा आणि वहीच्या कागदाचा तुकडा टेलपीसच्या मागच्या कडेखाली सरकवून बघा. नुसता कागद अडकला तर चिंता नाही. जाड व्हिजिटिंग कार्ड सहज आत गेलं, तर टेलपीस उचलला आहे. मग तारा सैल करून पुन्हा कार्ड घाला. फट मिटली तर स्क्रूंची लाकडातली पकड गेली आहे. फट तशीच राहिली तर ओतीव जस्ताचा टेलपीसच वाकला आहे.

स्क्रूची भोकं सैल झाली असतील तर ती लाकडाच्या खुंट्यांनी भरून नव्याने पाडावी लागतात. इथे एक नेहमीची चूक होते. सुतार हाताशी असलेला सागवानाचा तुकडा वापरतो. साग तेलकट असतो, त्यावर गोंदाची पकड कच्ची राहते आणि दोन पावसाळ्यांत खुंटी फिरायला लागते. मेपलचीच खुंटी मागा, पिवळ्या लाकूड-गोंदाने बसवा, २४ तास हात लावू नका आणि मगच स्क्रूच्या गाभ्याएवढं बारीक भोक पाडा. वाकलेला टेलपीस हातोडीने ठोकून सरळ करायला जाऊ नका. एकदा वाकलेलं जस्त ठोकून सरळ होत नाही, तडकतं. बाजारात हिपशॉट कंपनीचा बदली ब्रिज मिळतो आणि त्यात प्रत्येक तारेची उंची वेगळी लावता येते. मूळ ब्रिजमध्ये ती सोय नाही, अख्खा ब्रिज दोन्ही टोकांनी वर-खाली होतो. रोज वाजवायचा असेल तर बदली ब्रिज जरूर लावा, पण मूळ भाग कापडात गुंडाळून केसमध्ये ठेवा. जुन्या बासची बरीच किंमत त्या भागांत असते.

टेलपीस उघडलाच आहे तर ब्रिजसमोरचा तारा दाबणारा फोमही बघा. पन्नास वर्षांपूर्वीच्या फोमचा काळा, चिकट भुगा झालेला असतो, बोटाला लावला तर डांबरासारखा ओढला जातो. त्यात घाम आणि दमट हवा साठते आणि खालचं धातूकाम गंजतं. आइसक्रीमच्या लाकडी चमच्याने खरवडून टाका. तिथे स्क्रू ड्रायव्हर लावलात तर क्रोम ओरबाडलं जाईल.

मग नेक मोजा

डोळ्याने अंदाज नको. बास वाजवण्याच्या स्थितीत मांडीवर धरा. टेबलावर आडवा ठेवला तर नेक स्वतःच्या वजनाने हलते आणि माप चुकतं. ई तार पहिल्या आणि शेवटच्या, म्हणजे विसाव्या, फ्रेटवर एकाच वेळी दाबा. पहिल्यावर कॅपो (तारा दाबून धरणारा चिमटा) लावला की एक हात मोकळा राहतो. आता सातव्या-आठव्या फ्रेटचा माथा आणि तार यांच्यामधली फट फीलर गेजने (ठरावीक जाडीच्या धातूच्या पातळ पात्यांनी) मोजा. ०.२५ ते ०.३५ मिलिमीटर असेल तर नेकला हात लावू नका. अर्ध्या मिलिमीटरच्या वर गेली तर नेक पुढे वाकली आहे. फट शून्य असेल आणि तार फ्रेटवर टेकली असेल, तर नेक मागे वाकली आहे. जी तारेखालीही मोजा. दोन्ही मापांत मोठा फरक निघाला तर नेक पिळली गेली आहे, आणि दोन वेगळे रॉड असण्याचा फायदा तिथेच होतो.

मोकळी तारच खरखरते आणि दाबलेली स्वच्छ वाजते, असं असेल तर दोष वरच्या पट्टीत आहे. तार तिसऱ्या फ्रेटवर दाबा आणि पहिल्या फ्रेटवर तिच्याखाली कागदाएवढी तरी फट उरते का बघा. तार फ्रेटवर बसली असेल तर खाच खोल झाली आहे आणि नेकचा काही संबंध नाही.

पावसात नेक कुठल्या बाजूला जाईल, याचा एकच नियम नाही. ४००१ च्या फिंगरबोर्डवरही लॅकर असतं, त्यामुळे नवं असताना लाकूड ओल फार सावकाश घेतं. राउंडवाउंड (गोल तार गुंडाळलेल्या, खरखरीत) तारांनी ते लॅकर खरवडलं गेलं असेल तर उघडी पडलेली बाजू आधी फुगते. म्हणून दोन सारख्या बासपैकी एक पुढे वाकतो आणि दुसरा मागे. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी माप घेऊन तारीख, फट आणि केसमधली आर्द्रता वहीत लिहा. वर्षभराच्या बारा नोंदींतून तुमच्या बासची सवय कळते.

नेक सरळ करण्याची पद्धत

साहित्य थोडंच लागतं. पाव इंची, पातळ भिंतीचा नट ड्रायव्हर, फीलर गेज, कॅपो, जाड टॉवेल आणि एक मदतनीस. पाव इंचाचा म्हणजे पाव इंचाचाच. मिलिमीटरचा साडेसहाचा पाना वरवर बसतो आणि नटाचे कोपरे गोल करतो. मुंबईत नागदेवी स्ट्रीटवर इंची हत्यारं सहज मिळतात. जाताना मापाला पाव इंची स्क्रूचा जुना नट नेऊ नका, त्या नटाच्या कडा मोठ्या असतात. नट ड्रायव्हरच पाव इंची मागा.

तारा दोन-तीन स्वर उतरवा, काढू नका. दोन्ही नट उलट दिशेने सोडवा, बोटाने फिरतील इतके मोकळे करा. गंजून धरलेला नट जोर लावून फिरवू नका. खाली टिश्यू पेपर ठेवून आट्यांवर गंज सोडवणाऱ्या तेलाचा एकच थेंब टूथपिकने सोडा आणि रात्रभर राहू द्या. तेल लाकडात उतरलं तर पुढे तिथे गोंद धरणार नाही, म्हणून स्प्रे थेट मारू नका.

नेक मागे वाकलेली असेल तर काम इथेच जवळजवळ संपतं. नट मोकळे असतानाच तारा पूर्ण सुरात चढवा. त्यांची ओढच नेकला पुढे आणते. एक दिवस तसाच ठेवा, फट पाव मिलिमीटरवर आली की नट बोटाने टेकवा आणि पान्याने जेमतेम एक अष्टमांश फेरा द्या.

पुढे वाकलेली असेल तर खुर्चीत बसा, तारांची बाजू तुमच्यापासून दूर. टॉवेलची घडी गुडघ्यावर ठेवून गुडघा नेकच्या पाठीला आठव्या फ्रेटपाशी टेकवा. एका हाताने बॉडी, दुसऱ्याने पहिल्या फ्रेटजवळ नेक पकडा. हेडस्टॉक पकडून ओढू नका, तिथे लाकूड सगळ्यात अशक्त असतं. आता दोन्ही टोकं सावकाश स्वतःकडे ओढा. झटका नको, वाढत जाणारा एकसारखा दाब हवा. नेक सरळ होऊन किंचित मागे जाईपर्यंत ओढा, कारण तारा चढवल्यावर ती थोडी परत पुढे येणार. तेवढ्यात मदतनीसाने नट आळीपाळीने, एकदा ई बाजूचा आणि एकदा जी बाजूचा, बोटाने टेकवायचे आणि मग प्रत्येकी पाव फेरा आवळायचा. दाब सोडा, सुरात आणा, अर्धा तास थांबा, मोजा. जास्त वाटलं किंवा कमी पडलं तर नट पुन्हा सोडून पहिल्यापासून. पाव फेऱ्यानंतर पाना जड वाटत असताना ‘अजून जरासं’ आवळायचा मोह होतो, आणि फिंगरबोर्ड सुटतो तो त्याच क्षणी.

त्याचं कारण रॉडच्या घडणीत आहे. हा रॉड केसाच्या पिनेसारखा दुमडलेला आहे, वरखाली दोन पाय. नट आवळला की एक पाय ताणला जातो, दुसरा दाबला जातो आणि रॉड स्वतः वाकायला बघतो. नेक आधीच हव्या आकारात असेल तर त्याला फक्त तो आकार टिकवायचा असतो. नेक वाकडीच ठेवून आवळलं तर तो सगळा जोर हेडस्टॉकच्या टोकाला फिंगरबोर्डच्या खालून वर येतो. तिथे जोड गोंदाचा आहे, आणि मुंबईच्या हवेत तो अर्धशतक जुना आहे.

काळी रेघ दिसलीच, तर त्या दिवशी वाजवणं थांबवा. तारा उतरवा, दोन्ही नट मोकळे करा. फटीत सुपर ग्लू सोडू नका. तो खाली झिरपून रॉडला चिकटला, तर पुढे रॉड निघत नाहीत. योग्य दुरुस्ती म्हणजे दोन्ही रॉड हेडस्टॉकच्या बाजूने बाहेर ओढून काढायचे, फटीत पातळ सुरीने लाकूड-गोंद पोचवायचा, फिंगरबोर्डवर सपाट फळी ठेवून क्लॅम्प लावायचे आणि २४ तासांनी रॉड परत घालायचे. रॉड असे बाहेर येतात, ही या जुन्या रचनेची मोठी सोय आहे. तुटलेला रॉडसुद्धा फिंगरबोर्ड न काढता बदलता येतो. गिटारवर कधी हे काम न केलेल्या माणसाने हा प्रयोग स्वतः करू नये.

पुन्हा पुन्हा का होतं: तारा आणि हवा

४००१ बनला तेव्हा बासवर फ्लॅटवाउंड (चपटी पट्टी गुंडाळलेल्या, गुळगुळीत) तारा रूढ होत्या. पण लोकांच्या कानात बसलेला या बासचा कडक, पियानोसारखा आवाज ख्रिस स्क्वायर (येस बँड) आणि गेडी ली (रश बँड) या बासवादकांच्या राउंडवाउंडचा आहे. ४५-१०५ जाडीच्या (इंचाच्या हजाराव्या भागांत) राउंडवाउंडची ओढ आणि शिवाय दमट हवा, ही जोडी जुन्या नेकला जड जाते. मात्र ‘फ्लॅटवाउंड लावा, ताण कमी होईल’ हा सल्ला अर्धाच खरा आहे. बऱ्याच फ्लॅटवाउंडची ओढ राउंडवाउंडहून जास्त असते. थोमास्टिकचा जेएफ ३४४ हा ४३-१०० चा फ्लॅटवाउंड संच मऊ आहे, जुन्या ४००१ ला तो मानवतो आणि लॅकरही खरवडत नाही. राउंडवाउंडच हवे असतील तर ४०-१०० च्या पुढे जाऊ नका. तारा बदलताना चारही एकदम काढू नका. जाडी बदललीत की आठवडाभराने नेक पुन्हा मोजा.

मुंबईत जुलै-ऑगस्टमध्ये हवेतली आर्द्रता ऐंशी-नव्वद टक्क्यांवर असते आणि त्याच दिवशी एसी लावलेल्या खोलीत ती पन्नाशीला येते. बासला हा रोजचा चढउतार नुसत्या ओलीपेक्षा जास्त त्रास देतो. म्हणून तो भिंतीवर टांगून ठेवू नका, हार्ड केसमध्ये ठेवा. केसमध्ये छोटा डिजिटल हायग्रोमीटर (आर्द्रता मोजणारं मीटर) असावा, पण आधी तो खरं बोलतो का ते तपासा. बाटलीच्या झाकणात चमचाभर मीठ घ्या, ओल्या वाळूसारखं होईल इतकेच पाण्याचे थेंब टाका, झाकण आणि हायग्रोमीटर एका झिप पिशवीत बंद करून आठ-दहा तास ठेवा. आत ७५ टक्के आर्द्रता तयार होते. मीटर ८० दाखवत असेल तर कायम ५ वजा करून वाचा.

केसमध्ये ४५ ते ६० टक्के असू द्या. २०० ग्रॅम सिलिका जेल सुती पिशवीत भरून हेडस्टॉकजवळ आणि बॉडीच्या कडेला वाटून ठेवा. प्रिन्सेस स्ट्रीटच्या केमिकल दुकानांत ते सुटं मिळतं. केशरी रंगाचं घ्या, ओल भरली की हिरवं होतं. निळ्यात कोबाल्ट असतं, ते घरात नको. वापरलेलं जेल १२० अंशांवर दोन तास तापवलं की पुन्हा चालतं, फक्त त्यासाठी वेगळं भांडं ठेवा. आकडा ४० च्या खाली गेला तर निम्मं जेल काढून घ्या, फार कोरडेपणानेही जोड उकलतात. बाहेरून एसी खोलीत आल्यावर किंवा उलट, केस अर्धा तास बंदच ठेवा. थंड बास दमट हवेत उघडला की पिकअपवर आणि स्क्रूंवर दव धरतं.

नेकच्या तक्रारीसोबत येणाऱ्या आवाजाच्या दोन तक्रारी

‘एकच पिकअप वाजतो’ म्हणून बास उघडण्याआधी केबल कुठल्या जॅकमध्ये आहे ते पाहा. दोन जॅकपैकी एक रिक-ओ-साउंडचा, म्हणजे दोन पिकअपचे आवाज वेगवेगळे देणारा, स्टिरिओ जॅक असतो. त्यात साधी मोनो केबल घातली की एका पिकअपचा आवाज जातोच. केबल शेजारच्या जॅकमध्ये घाला.

‘ब्रिज पिकअप फार बारीक वाजतो’ हीसुद्धा बहुतेक वेळा बिघाडाची खूण नसते. त्या पिकअपच्या वाटेत ०.००४७ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर आहे आणि तो खालचे स्वर अडवतो. या बासची तार जी झणझणते, त्यात त्याचा मोठा वाटा आहे. तो काढला तर आवाज जाड होतो, पण ४००१ चा राहत नाही. बदलायचाच असेल तर मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर मागताना कपॅसिटरवर छापलेला आकडा नीट सांगा: ४७२ म्हणजे हा, ४७३ म्हणजे दहापट मोठा, टोनचा. दोन्ही दिसायला सारखेच असतात आणि अदलाबदल झाली की ब्रिज पिकअप जाड आणि टोनचं बटण निकामी होतं. जुना कपॅसिटर फेकू नका. पायाला तारेचा तुकडा सोल्डर करून जोडलेला असेल तर तो कुणीतरी आधी काढून परत लावला आहे, हे विकत घेताना लक्षात येऊ द्या.